कुत्रा आणायचा, पण कुठून?

घरात कुत्रा आणायचा विषय निघाला की साधारण काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आई विचारते, ‘त्याचं करणार कोण?’ बाबा म्हणतात, ‘सोसायटीवाले बोंबलतील.’ आजी शांतपणे विचारते, ‘काळा की तांबडा?’ तोवर तुमची गोल्डन रिट्रिव्हरच्या पिल्लांची चार रील्स सगळ्यांना दाखवून झालेली असतात. मग कधीतरी आईचा ‘नाही’ थोडा मऊ होतो आणि खरा प्रश्न समोर येतो. आणायचा कुठून? ब्रीडरकडून विकत, की दत्तक?

या प्रश्नावर सोशल मीडियाचं उत्तर तयार असतं. ‘अडॉप्ट, डोंट शॉप.’ घोषणा छान आहे, टी-शर्टवर शोभते. पण तुम्ही विक्रोळीत राहता, कन्नमवार नगरात, टागोर नगरात, पार्कसाइटला किंवा गोदरेज कॉलनीत, आणि कुत्रा खरंच आणायचाय, तर या घोषणेने तुमचं काम होत नाही. कारण ती जिथून आली तिथली परिस्थिती वेगळी आणि आपली वेगळी.

अमेरिकेत ‘शेल्टर’ म्हणजे रांगेने पिंजरे, प्रत्येकावर नाव-वय लिहिलेलं, आत दत्तक जायला तयार असलेले कुत्रे. अनेक ठिकाणी जागा संपली की त्यांना कायमचं झोपवलं जातं. म्हणून तिथे ‘दत्तक घ्या’ याचा अर्थ सरळ ‘जीव वाचवा’ असा होतो. मुंबईत हे चित्र नाही. इथे महापालिका रस्त्यावरचे कुत्रे मारायची, ते १९९४ मध्ये थांबलं आणि निर्बीजीकरणाचा रस्ता धरला गेला. (या शहराचं कुत्र्यांवरून भांडण त्याहून फार जुनं आहे. कंपनी सरकारच्या काळात कुत्रे मारण्याच्या मोहिमेवरून १८३२ मध्ये मुंबईत चक्क दंगल झाली होती आणि त्यात पारशी समाज पुढे होता. आज कमेंट बॉक्समध्ये चालतं ते तेव्हा रस्त्यावर चाललं.) पुढे २००१ आणि मग २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. त्यांचा गाभा असा, की कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलला तिथेच परत सोडायचा.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध काय? संबंध असा, की या व्यवस्थेत धडधाकट कुत्र्यांनी भरलेलं शेल्टर बनतच नाही. धडधाकट कुत्रा गल्लीत परत जातो. आत राहतात ते आजारी, म्हातारे, अपघातात पाय गेलेले, आणि लोकांनी आणून टाकलेले. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे, ते मुळात रुग्णालय आहे. दत्तक देण्याचं बरंचसं काम मुंबईत संस्थांचे आणि कुठल्याच संस्थेत नसलेले स्वयंसेवक करतात. ‘वर्ल्ड फॉर ऑल’सारख्या संस्था दत्तक मेळावे भरवतात, वांद्र्याचा ‘अ‍ॅडॉप्टाथॉन’ तुम्ही ऐकला असेल. बाकी मग कुणाच्या तरी गॅलरीत तात्पुरती ठेवलेली चार पिल्लं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे त्यांचे फोटो. थोडक्यात, विक्रोळीकरांसाठी ‘शेल्टर’ म्हणजे बहुतेक वेळा एखादी इमारत नसते. रात्री दहाला डबा घेऊन गल्लीतल्या कुत्र्यांना घालणाऱ्या कुणा ताईंचा फोन नंबर, असं ते असतं.

कोर्टाने काय बदललं

ही व्यवस्था २०२५ मध्ये हलली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे परत सोडा, फक्त रेबीज झालेले किंवा रेबीजचा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे सोडू नका, असं सांगितलं आणि विषय साऱ्या देशापुरता वाढवला. त्याच आदेशात एक बारीकसं वाक्य आहे, ज्याकडे चर्चेच्या गोंगाटात फारसं कुणी पाहिलं नाही. ज्याला रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचाय त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, तो कुत्रा खूण करून त्याला दिला जाईल, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

मग ७ नोव्हेंबरचा आदेश आला. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस डेपो, रेल्वे स्थानकं इथले कुत्रे उचला, नसबंदी आणि लसीकरण करा, निवाऱ्यात ठेवा आणि त्याच जागी परत सोडू नका. आता तुमच्या रोजच्या वाटेवर नजर टाका. विक्रोळी स्टेशन, बस डेपो, शाळा, दवाखाने. तिथे लोळत पडलेला, तुमच्या शाळेपासून तुम्हाला ओळखणारा तो तांबडा कुत्रा या आदेशाच्या कक्षेत येतो. त्याला न्यायचं कुठे? नसबंदी केंद्रं काही दिवस ठेवण्यासाठी बांधलेली असतात, आयुष्यभर सांभाळण्यासाठी नाहीत. महापालिकेच्या २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५ हजारांहून जास्त भटके कुत्रे मोजले गेले होते. देशाचा आकडा २०१९ च्या पशुगणनेत १ कोटी ५३ लाख होता. यातल्या थोड्याशांनाही कायमचा निवारा द्यायचा म्हटलं तरी जागा, माणसं आणि पैसा कुठून येणार, याचं उत्तर कुणीच नीट दिलेलं नाही.

त्यामुळे ‘ब्रीडर की दत्तक’ हा प्रश्न आता फक्त तुमच्या घराच्या आवडीनिवडीचा उरलेला नाही. शहर एका बाजूला कुत्रे हटवायला निघालंय आणि त्याच शहरात दुसऱ्या बाजूला पिल्लांची पैदास चालू आहे. मी कोर्टाच्या आदेशाची बाजू घेत नाही, विरोधही करत नाही. ज्याच्या पोराला कुत्रा चावलाय त्याच्यासमोर उभं राहून प्राणिप्रेमाचं भाषण देता येत नाही, आणि रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही हेही खरं आहे. पण हिशेब म्हणून बघा. घरात गेलेला प्रत्येक नसबंदी झालेला कुत्रा म्हणजे रस्त्यावरचा एक कमी.

‘विथ पेपर, विदाऊट पेपर’

तरीही समजा, तुमच्या घराला ठरावीक जातीचाच कुत्रा हवाय. लॅब्रेडॉर हवा, कारण मामाकडे होता. यात पाप काही नाही. जबाबदार ब्रीडर नावाची गोष्ट जगात आहे, भारतातही आहे. अडचण एवढीच, की तो सापडणं कठीण आणि त्याचं सोंग घेणारे पावलोपावली.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आणले. त्यानुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिचं प्रजनन करायचं नाही, लागोपाठच्या दोन हंगामांत पिल्लं घ्यायची नाहीत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा नाही, आणि आठ वर्षांनंतर तर नाहीच. पिल्लाला मायक्रोचिप हवी, लसीकरण झालेलं हवं, नोंदी ठेवलेल्या हव्यात. रस्त्यावर, बाजारात मांडून विकायला बंदी. २०१८ मध्ये पेट शॉपसाठी वेगळे नियम आले.

आता हे नियम डोक्यात ठेवा आणि इन्स्टाग्राम उघडा. ‘लॅब, हस्की, शित्झू, पग, पॉमेरेनियन, ऑल ब्रीड्स अव्हेलेबल.’ ‘हेवी बोन, शो क्वालिटी.’ ‘विथ पेपर इतके, विदाऊट पेपर इतके.’ ‘होम डिलिव्हरी.’ एका माणसाकडे आठ जातींची पिल्लं बारा महिने तयार असतील, तर तो ब्रीडर नाही, दलाल आहे. खरा ब्रीडर एक, फार तर दोन जातींत काम करतो आणि त्याच्याकडे तुम्हाला थांबावं लागतं. कारण नियम पाळून वाढवलेल्या माद्या मागणीनुसार पिल्लं देत नाहीत. मॉलच्या बाहेर किंवा हायवेवर भेटून पिल्लू हातात देतो म्हणणाऱ्याचा तर हेतूच हा असतो, की तुम्ही त्या पिल्लाची आई बघू नये.

आठ आठवड्यांचा नियम का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा खेळ तिथे आहे. बाजारात पिल्लू बहुतेक वेळा तीस-पस्तीस दिवसांचं येतं. या वयात ते सगळ्यात गोड दिसतं, कापसाचा गोळा. विकणाऱ्याला पुढच्या चार आठवड्यांचं खाणं आणि लसीचा खर्च वाचतो. पण याच चार आठवड्यांत पिल्लू भावंडांशी मारामारी करताना शिकतं, की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. ते न शिकलेलं पिल्लू तुमच्या धाकट्या बहिणीच्या हाताला दात लावतं आणि सगळे म्हणतात, ‘हा जरा अ‍ॅग्रेसिव्ह आहे.’ दुसरी गोष्ट पार्व्होची. हा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे कोंदट पिंजऱ्यात लागण झालेलं पिल्लू विकताना अगदी टुणटुणीत असतं, आणि उलट्या नि रक्ताचे जुलाब सुरू होतात ते तुमच्या घरी. विकणारा म्हणतो, ‘आमच्याकडे तर छान होता, तुम्ही काय खायला घातलंत?’ सलाइन, दवाखान्याच्या फेऱ्या, घरात रडारड. पुष्कळ पिल्लं यातून वाचत नाहीत.

आणि ‘पेपर’? केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र म्हणजे वंशावळ. आई-बाप कोण, त्यांचे आई-बाप कोण. ते आरोग्याचं प्रमाणपत्र नाही. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा आजार पिढ्यान् पिढ्या उतरतो. चांगला ब्रीडर नर-मादीचे एक्स-रे काढून मगच जोडी लावतो आणि तुम्ही मागितलेत तर दाखवतो. ‘पेपर आहेत ना’ एवढ्यावर गप्प बसवणारा दाखवत नाही.

आता जरा पगची गोष्ट. २००३ मध्ये हच मोबाइलची जाहिरात आली. एक लहान मुलगा आणि त्याच्या मागे मागे चालणारा चेपक्या तोंडाचा कुत्रा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील, घरी विचारा. त्या एका जाहिरातीने पग देशभर पोचला. चपट्या तोंडामुळे पगला श्वास घेताना मुळातच त्रास असतो. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो, आणि या कुत्र्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. मेमधल्या मुंबईत त्याचं काय होत असेल याचा अंदाज करा. पुढे हस्कीची लाट आली. सायबेरियातल्या थंडीसाठी दुहेरी केसांचा कोट असलेला, मैलोन् मैल पळायला तयार झालेला कुत्रा, आणि त्याला ठेवायचा बाराशे पायऱ्यांच्या, पण एसी असलेल्या टॉवरमध्ये. लाट ओसरली की हेच कुत्रे रस्त्यावर दिसू लागतात. स्वयंसेवकांच्या दत्तक यादीत तुम्हाला लॅब, शित्झू, हस्की दिसतील ते असे आलेले असतात. म्हणजे जात हवीच असेल, तरी ब्रीडर हा एकच मार्ग नाही. सोडून दिलेला, चार वर्षांचा, शी-शू कुठे करायची हे शिकलेला लॅब्रेडॉर कुणीतरी कुठेतरी सांभाळत असतो.

कुत्रा सोडून देणं हा गुन्हा आहे बरं का. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तसं कलम आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. हा आकडा कित्येक दशकं जुना आहे. विक्रोळी स्टेशनबाहेर दोन वडापावला यापेक्षा कमी पैसे लागत नाहीत.

तुमचं घर, त्याचं घर

आता दत्तकाचीही दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही.

आपला देशी कुत्रा, ज्याला आता प्रेमाने ‘इंडी’ म्हणतात आणि आजी अजून ‘गावठी’च म्हणते, तो या हवेसाठीच घडलेला आहे. आखूड केस, मध्यम बांधा, घामट उन्हाळ्याची सवय. माणसाने चेहरा-मोहरा ठरवून त्याची पैदास केलेली नसल्याने जातिवंत कुत्र्यांचे आनुवंशिक आजार त्याच्यात कमी दिसतात. हे सगळं खरं. पण तो सावधही असतो. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकणार. एका मजल्यावर चार-सहा दारं असलेल्या जुन्या इमारतीत ते किती चालेल, याचा विचार आधी करा. पिल्लू घेतलंत तर मोठेपणी ते केवढं होईल, स्वभाव कसा निघेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मोठा कुत्रा घेतलात तर तो समोर दिसतो तसाच असतो, हा मोठा फायदा. मात्र रस्त्यावर सहा वर्षं राजासारखा हिंडलेला प्रत्येक कुत्रा वन रूम किचनमध्ये सुखी होईलच असं नाही. काही होतात, पंख्याखालची लादी त्यांना स्वर्ग वाटते. काही दाराशी बसून रडतात. म्हणून कोर्टाच्या आदेशाने डेपोतून हलवला जाणारा कुत्रा लगेच घरी आणण्याआधी त्याला खायला घालणाऱ्यांशी बोला. तो माणसांच्या अंगावर येतो का, पट्टा लावू देतो का, लहान मुलं चालतात का, हे त्यांना कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असतं.

दत्तक देणारेही कधी कधी डोक्याला ताप देतात. भलीमोठी प्रश्नावली, घर बघायला येणार, ग्रिल आहे का, दिवसभर घरी कोण असतं, भाड्याचं आहे का. काही जण कॉलेजच्या मुलामुलींना थेट नाही म्हणतात, काही जण चाळीतल्या किंवा वस्तीतल्या घराला नाक मुरडतात. हे दुसरं मला पटत नाही. सूर्यानगरच्या उतारावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजी दिवसभर घरी असते, दार उघडं असतं, पोरं कुत्र्याला घेऊन खालीवर करतात. टॉवरमधल्या टू बीएचकेत कुत्रा सकाळी नऊ ते रात्री नऊ एकटा कोंडलेला असतो. यातलं कुठलं घर चांगलं? चौरस फुटांपेक्षा तास मोजावेत. पण पहिला आक्षेप, कॉलेजच्या मुलांबद्दलचा, तो इतका सहज झटकता येत नाही.

कुत्रा दहा ते चौदा वर्षं जगतो. आज तुम्ही वीस वर्षांचे असाल तर तो जाईल तेव्हा तुम्ही तिशीच्या पुढे असाल. मधल्या काळात काय काय आहे? शेवटच्या वर्षाच्या परीक्षा, पुण्या-बंगळूरची नोकरी, कदाचित एमएससाठी जर्मनी, लग्न. या प्रत्येक वळणावर कुत्रा कुणाकडे राहतो? आईकडे. म्हणून आई पहिल्या दिवशी ‘त्याचं करणार कोण’ असं विचारते तेव्हा ती कटकट करत नसते, हिशेब करत असते. तिचं ‘हो’ नसेल तर ब्रीडरकडे जाऊ नका आणि दत्तक मेळाव्यालाही जाऊ नका. ‘एकदा आणला की लागेल लळा’ ही पद्धत सिनेमात चालते.

विक्रोळीत याहून मोठी अडचण पुनर्विकासाची. कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या इमारती एकामागून एक पडतायत, टॉवर उभे राहतायत. तुमची इमारत गेली की काही वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागतात. आणि भाड्याचं घर शोधताना कुत्रा आहे म्हटलं की एजंटचा आवाज बदलतो. इथे कायद्यातला फरक नीट समजून घ्या. हाउसिंग सोसायटी तुम्हाला कुत्रा पाळायला मनाई करू शकत नाही. बहुमताने ठराव केला तरी नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगू शकत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि त्या सूचनांची प्रत सेक्रेटरी काकांना वाचायला देता येते. पण घरमालक भाडेकरारात अट घालू शकतो, तिथे तुमची मात्रा चालत नाही. म्हणून इमारतीचा करार होण्याच्या बेतात असेल, तर कुत्रा त्याआधी आणायचा की नव्या घरात गेल्यावर, हे आजच ठरवा. घर बदलताना ‘गावाला पाठवला’ असं सांगितलेले किती कुत्रे खरंच गावाला पोचतात, ते जाऊ दे.

मग निवड कशी करायची? माझं मत स्पष्ट सांगतो. विक्रोळीतल्या बहुतेक घरांसाठी एक ते चार वर्षांचा, नसबंदी झालेला, कुणाच्या तरी घरी काही दिवस राहिलेला दत्तक कुत्रा सगळ्यात सोयीचा. पिल्लूपणाची चावाचावी संपलेली, स्वभाव कळलेला, आकार ठरलेला. ब्रीडरकडे जायला एखाद्या घराला खरं कारण असू शकतं. घरात अंध किंवा आजारी माणूस आहे आणि ठरावीक स्वभावाचा, प्रशिक्षण देता येईल असा कुत्रा हवाय, किंवा एखाद्या जातीबरोबर तुमचं घर वर्षानुवर्षं राहिलंय आणि तिच्या दुखण्याखुपण्याची तुम्हाला माहिती आहे. अशा वेळी वर सांगितलेले सगळे प्रश्न विचारा, आईला बघा, जागा बघा, नोंदणी मागा. आणि एक खूण लक्षात ठेवा. चांगला ब्रीडर तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो. घरी कोण असतं, आधी कुत्रा होता का, तो कशाने गेला. शेवटी म्हणतो, ‘कधीही सांभाळणं जमलं नाही तर मलाच परत द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका.’ गंमत म्हणजे दत्तक देणाऱ्या ताईंच्या करारातही हेच वाक्य असतं.

विकत की दत्तक यावरून माणसाची प्रतवारी करणाऱ्यांनी रतन टाटांकडे बघावं. बॉम्बे हाउसच्या नूतनीकरणात त्यांच्या समूहाने २०१८ मध्ये आवारातल्या भटक्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली ठेवली, त्यांच्या लाडक्या ‘गोवा’ला तर रस्त्यावरून उचलून आणलेलं होतं. आणि घरी जर्मन शेफर्डही होता, टिटो, ज्याच्या देखभालीची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. महालक्ष्मीला जुलै २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं, तिथे दारात कुणी कुत्र्याची जात विचारून आत घेत नाही.

खर्चाचं एक राहिलं. दत्तक कुत्रा फुकट मिळतो आणि फुकट पडत नाही. लसी दरवर्षी, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त (पावसाळ्यात विक्रोळीच्या खाडीकडच्या बाजूला हा स्वतंत्र विषय आहे), खाणं, महापालिकेचा परवाना, आणि मध्येच कधीतरी मोज्याचा तुकडा गिळल्यावर काढावा लागणारा एक्स-रे. ब्रीडरकडचा असो वा गल्लीतला, दवाखान्याचं बिल सारखंच येतं. घरात मोकळेपणाने विचारा, दर महिन्याला कोण किती घालणार. तुमच्या पॉकेटमनीतून काय जाणार हेही त्यात सांगा, नुसता आवाज नको.

आणि अजूनही मन ठरत नसेल तर एक तिसरी वाट आहे, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. फॉस्टर व्हा. म्हणजे घर मिळेपर्यंत एखादा कुत्रा तात्पुरता सांभाळा, दोन-तीन आठवडे. स्वयंसेवकांना अशी घरं कायम हवी असतात, बऱ्याचदा डॉक्टरचा खर्चही ते उचलतात. शक्यतो हे जूनच्या शेवटी किंवा जुलैत करा. धो धो पाऊस पडतोय, लिफ्ट बंद आहे, खाली पाणी साचलंय, सकाळचे सहा वाजलेत आणि कुत्रा दाराशी पट्टा तोंडात धरून उभा आहे. त्याला घेऊन खाली कोण उतरतं ते बघा. आठवडाभर तेच नाव येत राहिलं तर त्या माणसाला विचारून मगच पुढचा फोन करा.